बाबांना हसवायला टॉकीत नेलं

माझी आई वारली आणि आमच्या गावची दंडार बंद पडली. आई दंडारीत काम करत नव्हती. (बायका दंडारीत काम करतच नसत, मिशा काढलेले बाप्येच लुगडी नेसून बायका होत, आणि त्यातले काही आमच्यापेक्षा बरे दिसत!) आईचं काम वेगळं होतं. ती हसायची.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर आमचं घर वेड्यांचं होतं असं वाटेल. (होतंच, पण ते पुढे कळेल.) सालेकशाच्या अलीकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरे. हलकं धान कापून झालेलं, भारी धान उभं, घराघरात पाहुणे, आणि दुपारी मैदानात दंडार. ढोलकी, झांजा, गाणी, नाच आणि मधे मधे सोंगाड्या. सोंगाड्या म्हणजे माझे बाबा, सदाराम. वर्षभर चिखलात राबणारा, घरात फारसं न बोलणारा हा माणूस तोंडाला चुना फासला की असा काही सुटायचा, की पाहुण्यांना वाटे याच्या घरी रोज जत्रा असेल. आमच्या घरी बाबा फक्त "मीठ" आणि "बैल" एवढंच बोलत.

बाबांची रीत अशी होती. एक वाक्य टाकायचं आणि थांबायचं. नुसतं थांबायचं. मग बायकांच्या बाजूनं आई हसे. आधी एक बारीक किंकाळी. मग काहीच नाही. (नवख्या माणसाला वाटे, गेली वाटतं बाई!) आणि मग पोटातून जे हसू फुटे, पदर तोंडात कोंबला तरी न थांबणारं, ते ऐकून अख्खं मैदान हसे. मागच्या लोकांना बाबांचं बोलणं ऐकूसुद्धा जात नसे. ते आईच्या हसण्याला हसत. नाव मात्र बाबांचं होई! "सदाराम जागा बरोब्बर पकडते," असं पंचक्रोशीत म्हणत.

आई ऐन धानाच्या रोवणीत तापानं गेली. मी पंधरा वर्षांची होते. त्या वर्षी आमच्याकडे सण झाला नाही. पुढच्या मंडईला गावकऱ्यांनी बाबांना ओढून उभं केलं. बाबांनी चुना फासला, मैदानात आले, पहिलं वाक्य टाकलं आणि थांबले.

कुणी हसलं नाही. गंमत वाईट नव्हती, पण आधी कोण हसणार हे कुणालाच माहीत नव्हतं. बाबा थांबून राहिले. ढोलकीवाल्यानं एक थाप मारून पाहिली. बाबा तरी थांबलेलेच. शेवटी ते वळले आणि तोंडावरच्या चुन्यासकट शेतात निघून गेले. पाहुण्यांना वाटलं हाच विनोद, आणि तेव्हा ते हसले. तोवर ऐकायला बाबा नव्हते.

त्यानंतर घरात "मीठ" आणि "बैल"सुद्धा बंद झालं. बाबा जेवत, शेतावर जात, बांधावर बसत. घर चालवायला त्यांची थोरली बहीण, आमची आत्याबाई, आली होती. ती बालविधवा, शिस्तीची, आणि उभ्या जन्मात हसली नव्हती. त्या घरात मी, हसणं विसरलेला बाप आणि हसणं कधी शिकलीच नाही अशी आत्या! संध्याकाळी दिवा लावला की तिघांचीही तोंडं दिसत, म्हणून मी दिवा जरा उशिरा लावायची.

अशात हिरामनमामा आला. हा आईचा धाकटा भाऊ, गोंदियात मोहफुलांचा आणि धानाचा व्यापार करायचा. त्याचा टॉकीवर फार विश्वास. खोकला झाला, टॉकी पाहा. बायकोशी भांडण झालं, टॉकी पाहा. नातं जमत नाही, मुलाकडच्यांना टॉकी दाखवा. लढाईचे दिवस होते, घासलेट मिळेना, कापड मिळेना, पण टॉकी मिळत होती.

"भाऊजी, चाला गोंदियाले," तो म्हणाला. "हसण्याचा पिक्चर लागला हाये. एकदम फर्स्ट क्लास! लोक खुर्चीवरून खाली पडून राहिले."

बाबा दोरी वळत राहिले.

"पडून कायले राहिले?" आत्याबाईनं विचारलं. "खुर्च्या मोडक्या हायेत का?"

"हसून हसून, आत्याबाई!"

"मंग घरीच पडा. रेलगाडीनं जाऊन पडायचं काऊन?"

पण मामानं हार मानली नाही. बाबांना तो म्हणाला, "माह्या बहिणीसाठी चाला." यावर बाबा उठले आणि कोपऱ्यातला फेटा शोधू लागले. म्हणजे येणार. आणि आत्याबाई म्हणाली, वयात आलेली पोर अंधारात बसवायची तर मी पाहिजेच. म्हणजे तीही येणार.

मग मामानं मला गोठ्यामागं बोलावलं.

"यमुना, एक काम करजो. तेथी तू हस."

"हसण्याचा पिक्चर आहे तर हसेनच की."

"तशी नाई. तुही माय हसायची तशी. भाऊजीच्या कानावर पडलं पाहिजे. त्याहिचं आतलं कुलूप उघडून जाईन, पाय तू."

मला हे पटलं. त्या वयात काय पटत नाही! आठवडाभर मी गोठ्यात सराव केला. किंकाळी लवकर जमली. मधली शांतता तर फारच छान जमली. शेवटचं पोटातलं हसू काही केल्या येईना. ते यावं म्हणून मी आईला आठवायची, आणि आई आठवली की मला रडू यायचं. मग डोळे पुसून पुन्हा किंकाळी! आमच्या म्हशीनं त्या आठवड्यात पान्हा चोरला. आत्याबाईनं तिला दृष्ट लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळल्या.

रविवारी आम्ही पॅसेंजरनं गोंदियाला पोचलो. आत्याबाईच्या हातात बसायला पोतं, वड्यांची पुरचुंडी, आणि एक नारळ. "दंडारीले जातो तवा काय रिकाम्या हातानं जातो का?" ती म्हणाली. मामा स्टेशनापासून टॉकीपर्यंत सारखा इकडं तिकडं पाहत होता, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

टॉकीच्या दारातच पहिला घोटाळा झाला. मामानं बाबांसाठी मागच्या खुर्च्यांची तिकिटं काढली होती, सगळ्यांत भारी. बाबा दारात थबकले. दंडारीत मानाचा पाहुणा पुढं बसतो आणि मागं बसतात ती न बोलावलेली माणसं. बाबांनी मामाकडं असं पाहिलं, की मामाचं तोंड उतरलं.

"भाऊजी, येथी मागंच मान राहते!"

"मान असा मागून देतेत?" बाबा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचं अख्खं वाक्य ऐकलं. मला इतका आनंद झाला, की मामाला बोलणी बसली याचं काही वाटलं नाही.

शेवटी भारी तिकिटं हातात धरून दोघं पडद्याच्या पुढ्यात, जमिनीवर, भाजलेल्या शेंगांच्या फोलपटांत जाऊन बसले. आम्ही दोघी कापडी आडोशापलीकडं बायकांत. खेळ सुरू झाला की आडोसा बाजूला सारत. मी आत्याबाईसाठी पोतं अंथरलं, वळून पाहते तर आत्याबाई नाही!

आत्याबाई पडद्यापाशी होती. दंडार सुरू व्हायच्या आधी ढोलकीला हळदकुंकू लावतात, जागेची पूजा करतात. इथं कुणालाच त्याची काळजी दिसेना, म्हणून तिनं पूजेसाठी आणलेली कुंकवाची पुडी काढून पांढऱ्याशुभ्र पडद्यावर पाच बोटं उमटवली होती. नारळ फोडायला दगड शोधत होती तोच दिवे मालवले. ती अंधारात चाचपडत परत आली, तीन बायांच्या मांडीवर बसून मग पोत्यावर बसली आणि म्हणाली, "कशी वं ही मानसं! देवाचं नाव नाई."

आणि मग टॉकी सुरू झाली. मी काय सांगू! एवढी मोठी माणसं, एवढा मोठा आवाज. एका शेठजीच्या घरचा लुकडा नोकर मालकाच्या भीतीनं रांजणात लपतो आणि अडकतो. मग रांजण अंगावर घेऊनच घरभर पळतो, जिन्यावरून गडगडतो, नवरीच्या पालखीत जाऊन बसतो. जिकडं जाईल तिकडं आत्याबाईची पाच लाल बोटं कधी त्याच्या गालावर, कधी शेठजीच्या पोटावर. लोक हसत होते, शेजारची बाई पोराला पाजता पाजता हसत होती, पोरही हसत होतं. मीही हसले. अगदी खरं, सरावाशिवायचं. आणि एकदम लक्षात आलं, की एवढा वेळ मला आईची आठवणच आली नाही. आई गेल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच फार वाईट वाटलं.

मग मामानं नेमून दिलेलं काम आठवलं. मान उंच करून पाहिलं. पुढं सगळे डुलत होते, फक्त बाबांचा फेटा ताठ होता. दुसऱ्याच्या शेतातलं पीक निरखावं तसे ते पडद्याकडं पाहत होते.

मी किंकाळी मारली. पण एवढ्या गदारोळात ती कुणाला ऐकू जाणार! शेजारच्या बाईलासुद्धा गेली नाही. तेव्हा मी शहाणपणानं ठरवलं: जरा शांतता होऊ द्यावी, मग हसावं, म्हणजे बाबांपर्यंत पोचेल.

शांतता झाली. मी किंकाळी फोडली. मधला दम घेतला, आणि काय आश्चर्य, गोठ्यात जे कधीच आलं नव्हतं ते पोटातलं हसू आलं! आईचंच! थांबेना! मी डोळे मिटून हसत सुटले, आणि डोळे उघडले तर पडद्यावर शेठजीची म्हातारी आई खाटेवर शेवटचे श्वास मोजत होती.

शांतता त्यासाठी झाली होती.

"कौन है बेशरम?" कुणीतरी ओरडलं. बायका माझ्याकडं वळल्या. "मरती हुई बुढ़िया पर हँसती है!" आणि अर्धं सुरू झालेलं हसू मला आवरता येईना. तेवढ्यात आत्याबाई उभी राहिली, नारळ हातात.

"हसू द्या तिले!" ती गरजली. "तिची माय मेली हाये!"

वळलेल्या बायका पुन्हा पडद्याकडं वळल्या. मला मात्र आजही ते आठवलं की भरून येतं, कारण आत्याबाई माझ्या बाजूनं बोलली ती तेवढीच.

पुढं बाबा उभे राहिले होते. यंत्राच्या उजेडात त्यांची फेट्यासकट सावली म्हातारीच्या खाटेवर पडली. ते पडद्याकडं पाठ करून बायकांच्या अंधारात पाहत होते. "कोन हाये तेथी?" ते म्हणाले. आवाज कसा होता ते मी सांगू शकत नाही. मी तोंडावर हात धरला. मला कळलं, की त्यांना क्षणभर काय वाटलं असेल, आणि ते मी केलं होतं.

"बैठ जाओ! ए पगड़ी!" लोक ओरडायला लागले. नेमका त्याच वेळी पडद्यावर रांजणवाला नोकर गळा काढत आला, काहीतरी बोलला आणि अख्खी टॉकी हसली. हसण्यात त्याचं पुढचं वाक्य बुडालं. त्याच्या पुढचंही बुडालं. बाबा वळले. अंगातला सोंगाड्या जागा झाला असावा.

"थांब ना गा!" ते पडद्यावरच्या नोकराला ओरडले. "लोकाईले हसू त दे! एवढी घाई कायले करून राहिला?"

नोकर थांबला नाही. बाबा चिडले. "ऐकू येत नाई का तुले? गंमत वाया जाऊन राहिली!"

आता लोक नोकराला सोडून बाबांना हसायला लागले. मामा त्यांचं धोतर धरून खाली ओढत होता. शेवटी पट्टी थांबली, दिवे लागले आणि मॅनेजर धावत आला. आधी त्याला बाबा दिसले, मग पडदा.

"परदे पर ये किसने किया?"

"मी केलं," आत्याबाई अभिमानानं म्हणाली. "नारळ बी फोडनार होती. तुमीच दिवे मालवले."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. आम्हा चौघांना त्यानं दाराकडं वळवलं. पण बाबा दारात अडले.

"तुमचा सोंगाड्या थांबत काऊन नाई?" त्यांनी विचारलं.

"अरे बाबा, वो कैसे रुकेगा? वो तो कब का बोल चुका. मशीन के सामने."

"अन् त्याच्यासमोर हसायले कोन होतं?"

"कोई नहीं. वहाँ हँसना मना है. आवाज आ जाती है."

बाबा मॅनेजरच्या आणखी जवळ गेले.

"हसनं मना?" ते हळू म्हणाले. "कोनीच हसत नाई, अन् तरी तो रांजन घेऊन पयते?"

"नौकरी है उसकी."

"बिचारा," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा हसण्याचा पिक्चर पाहून रडत बाहेर पडलेला माणूस मॅनेजरनं बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल. तो एकदम नरमला आणि म्हणाला, पुन्हा कधी या. मग पडद्याकडं पाहून म्हणाला, नको.

स्टेशनावर गाडीला वेळ होता. आत्याबाईनं वडे काढले आणि माझा उद्धार सुरू केला. "मरत्या म्हातारीले हसली! सासरी कोन घेईन इले!" मामा मान खाली घालून बसला होता. सगळा बेत त्याचा, आणि त्याच्या बहिणीचं हसू असं भर टॉकीत फजीत झालं होतं. मी रडत होते.

"हसू दे तिले," बाबा म्हणाले. "इची माय बी चुकीच्याच जागी हसे."

मामानं मान वर केली.

"नवीन लग्न झालं तवाची गोष्ट. दंडारीत राजा मेला, रानी रडून राहिली, अन् ही तेथी फुटली! सारं मैदान हसलं. मले लई राग आला. घरी येऊन भांडलो. ती म्हने, मी काय करू, मले तेथीच हसू येते."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? ती काई बदलली नाई. पुढच्या साली मीच गंमत उचलून तेथी नेली. ती जेथी हसे, तेथी मी नेऊन ठेवे. लोक म्हनत, सदाराम जागा बरोब्बर पकडते." बाबांनी हातातला वडा खाली ठेवला. "जागा तिच्याच होत्या. मी नुसता मागं मागं जात होतो. आता कोठी जाऊ, ते समजत नाई."

मामा ओक्साबोक्शी रडायला लागला. आत्याबाईनं त्याच्या हातात वडा दिला. मी बाबांच्या जवळ सरकून बसले. मला वाटलं काहीतरी बोलावं, पण गाडी आली.

त्या दिवाळीनंतर बाबा मंडईत उभे राहिले. कुणी ओढलं नाही, आपणहून. "त्या रांजनवाल्यासमोर हसायले त कोनीच नोयतं," एवढंच म्हणाले आणि चुना कालवायला बसले. मी आईच्या जागी, बायकांत पुढं. आत्याबाई शेजारी, मला चिमटा काढायला तयार. बाबांनी वाक्य टाकलं आणि थांबले. मैदान गप्प झालं.

मी तोंड उघडलं. किंकाळी निघाली, हुबेहूब आईची. मधली शांतताही झाली. आणि हसू यायचं तिथं रडू आलं. मी पदर तोंडात कोंबला, अंग गदगदा हलत होतं, आवाज पोटातून येत होता. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. आधी बायका हसल्या, मग बाप्ये, मग मागची माणसं, ज्यांना काही ऐकू जात नव्हतं ती. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं. गालावरच्या चुन्यात ओघळ उतरले आणि ते पुढचं वाक्य बोलले. लोकांनी तेही सोंगच समजून टाळ्या पिटल्या.

पुढच्या साली बाबांनी ती गंमत, मी जिथं रडले होते, तिथंच ठेवली.

मग हे कायमचंच झालं. लग्न होऊन मी चिचगडला गेले, तरी दरवर्षी मंडईच्या आधी माहेरून बैलगाडी यायची, हसायला यमुनीले पाठवा म्हणून! सासरी माझा मान वाढला. नवऱ्याला वाटे, आपली बायको किती हसरी. बाबा होते तोवर मी जात राहिले. आजही तिकडची म्हातारी माणसं भेटली की म्हणतात, "हसावं त सदारामच्या पोरीनं!" मी आपली मान डोलावते. त्या मैदानात मी एकदाही हसलेली नाही, हे आता कोणत्या तोंडानं सांगू!